स्वयंपाकघरामागचं दार

यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळाच्या नियमावलीत एक कलम होतं. जो कोणी संस्थेला 20 पौंडांची देणगी देईल तो विश्वस्त होईल आणि त्याला कारभारात मत मिळेल. 1777 मध्ये इस्पितळ सुरू झालं तेव्हा पैसा उभा राहावा म्हणून ते घातलेलं होतं. डिसेंबर 1813 मध्ये यॉर्क आणि आसपासच्या चाळीसेक गृहस्थांनी प्रत्येकी 20 पौंड आणून टेबलावर ठेवले आणि ते सगळे एकदम विश्वस्त झाले. त्यांचा हेतू एवढाच होता, की आत चालतं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. सरकारी निरीक्षक नावाचा प्राणी त्या काळी यॉर्कमध्ये नव्हता. तपासणीचा अधिकार हवा असेल तर तो असा विकत घ्यावा लागत होता.

या मंडळींचा म्होरक्या होता गॉडफ्री हिगिन्स. डॉनकॅस्टरजवळच्या स्केलो ग्रेंजचा हा जमीनदार वेस्ट रायडिंगचा मॅजिस्ट्रेटही होता. पुढे याच माणसाने प्राचीन धर्मांवर जाडजूड ग्रंथ लिहिले आणि कृष्णकथेचा धांडोळा घेतला. पण 1813 मध्ये त्याच्या डोक्यात एकच विषय होता, विल्यम व्हिकर्स. हल्ल्याच्या तक्रारीवरून या गरीब माणसाला वेडसर ठरवून हिगिन्सनेच यॉर्कला पाठवलं होतं. काही महिन्यांनी व्हिकर्सची बायको मदत मागायला आली. नवरा घरी परतला होता, पण त्याला उभंही राहवत नव्हतं. अंगावर उवा, खरूज, सुजलेले पाय आणि पाठीवर चाबकाचे वळ. आपण सही करून ज्या ठिकाणी माणूस पाठवला तिथून तो असा परत आला, हे हिगिन्सला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याने विश्वस्तांकडे तक्रार केली. यॉर्कचे आर्चबिशप अध्यक्षस्थानी होते. इस्पितळाच्या नोकरांना बोलावलं गेलं, त्यांनी शपथेवर सगळं नाकारलं आणि मंडळाने ठराव केला, की रुग्णाची योग्य काळजी घेतली गेली होती. हिगिन्सने मग सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापून आणला. त्यानंतर ते 20 पौंडांचं कलम कोणाच्या तरी ध्यानात आलं.

या इस्पितळाबद्दलचा संशय खरं तर जुना होता. 1790 च्या मार्चमध्ये हॅना मिल्स नावाची लीड्सची एक क्वेकर विधवा इथे दाखल झाली. तिच्या पंथातली माणसं भेटायला गेली तेव्हा त्यांना आत सोडलं नाही. सहा आठवड्यांत ती वारली. त्या अस्वस्थतेतून विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने क्वेकरांसाठी वेगळी संस्था काढायचं ठरवलं आणि 1796 मध्ये यॉर्कच्या वेशीबाहेर ‘रिट्रीट’ उघडलं. तिथे साखळ्या नव्हत्या. रुग्णांना बाग होती, शिवणकाम होतं, संध्याकाळी सगळ्यांसोबत चहा होता. विल्यमचा नातू सॅम्युअल ट्यूक याने 1813 मध्ये रिट्रीटच्या कामाची हकिकत पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. त्यात यॉर्कच्या जुन्या इस्पितळावर उघड टीका कुठेच नव्हती; पण तिथले डॉक्टर चार्ल्स बेस्ट यांना ती दोन ओळींमधून दिसली आणि त्यांनी टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून वाद ओढवून घेतला. हिगिन्सचा आरोप आला तो या तापलेल्या हवेत. नव्या विश्वस्तांमध्ये सॅम्युअल ट्यूकही होता.

नव्या मंडळींनी कामाला हात घातला आणि नाताळानंतर तीन दिवसांनी, 28 डिसेंबरला, इस्पितळाच्या एका भागाला आग लागली. डॉक्टर गावाबाहेर होते. राखणदारांपैकी निम्मे सुट्टीवर गेले होते. चार रुग्ण त्या आगीत गेले. आग कशाने लागली हे कधीच सिद्ध झालं नाही.

मार्च 1814 मध्ये हिगिन्स एके दिवशी पहाटेच यॉर्कच्या इस्पितळात हजर झाला. येतो म्हणून त्याने कोणालाही कळवलं नव्हतं. आपल्याला इमारतीचे काही भाग दाखवलेच गेलेले नाहीत, असा त्याचा कयास होता. एकामागून एक दारं उघडायला लावत तो स्वयंपाकघराच्या बाजूला पोचला. तिथे बोळातलं दार उघडलं की त्याच्या फळीआड झाकलं जाईल असं दुसरं एक दार होतं. ते उघडा म्हटल्यावर राखणदार घुटमळले. बायकांचा भाग आहे म्हणाले. किल्ली नाही म्हणाले. मग किल्ली हरवली आहे म्हणाले. हिगिन्स भडकला. किल्ली सापडत नसेल तर माझी किल्ली चुलीपाशी आहे, असं म्हणून त्याने विस्तव सारायच्या लोखंडी सळईकडे बोट दाखवलं. किल्ली लगेच सापडली.

आत चार कोठड्या होत्या, प्रत्येकी साधारण आठ फूट चौरस. खाली गवत अंथरलेलं, ते मलमूत्राने थबथबलेलं. भिंती त्यानेच माखलेल्या. प्रत्येक कोठडीला हवेसाठी एक भोक, तेही घाणीने अर्धंअधिक बुजलेलं. इथे कोणी राहतं का, असं विचारल्यावर उत्तर आलं: रात्री राहतात. मग त्या बायका आत्ता कुठे आहेत ते दाखवा, असं हिगिन्सने सांगितलं. त्याला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत नेलं. त्याने ती तिथल्या तिथे मोजायला लावली. 12 फूट बाय 7 फूट 10 इंच. आत 13 बायका होत्या आणि त्या सगळ्या त्याच सकाळी त्या चार कोठड्यांमधून वर आणलेल्या होत्या. हिगिन्सला तिथे उभं राहवलं नाही, त्याला ओकारी आली. पुढल्या वर्षी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने हे असंच सांगितलं, मोजमापासकट.

हिगिन्सचं मोठेपण त्या मोजमापात आहे. व्हिकर्सच्या पाठीवरच्या वळांबद्दल नोकरांनी शपथेवर नाही म्हटलं होतं आणि आर्चबिशपांनी ते मानलं होतं. खोलीच्या लांबीरुंदीला नाही म्हणता येत नाही. त्याने इस्पितळाच्या वह्याही तशाच तपासल्या. जाहीर अहवालांमध्ये मृतांचा आकडा 221 होता. नोंदी जुळवून पाहिल्यावर तो 365 निघाला. 144 माणसांचं मरण कागदावरून पुसलं गेलं होतं. हिशेबाच्या काही वह्या मागितल्या, तर त्या कारभाऱ्याने जाळून टाकल्याचं कळलं. एका राखणदारापासून रुग्ण बाईला दिवस गेले होते. त्या माणसाने पुढे स्वतःचं खासगी वेड्यांचं घर थाटलं. ऑगस्ट 1814 पर्यंत यॉर्कच्या इस्पितळातला जुना नोकरवर्ग घरी पाठवण्यात आला होता.

जुने विश्वस्त इस्पितळात येत नव्हते असं नाही. येत होते. ठरल्या दिवशी येत, झाडलेल्या खोल्यांमधून फिरत आणि समाधानाने घरी जात. त्यांच्यातला प्रत्येक जण खोटारडा होता असं मानायचं कारण नाही. जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि तो लहान नाही.

कायदा नव्हता का? होता. 1774 पासून खासगी वेड्यांच्या घरांना परवाना लागत होता. लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे पाच आयुक्त वर्षातून एकदा ही घरं पाहत आणि इतरत्र हे काम स्थानिक मॅजिस्ट्रेटांकडे होतं. पण गैरप्रकार आढळला म्हणून परवाना रद्द करायचा अधिकार आयुक्तांना नव्हता. वाईट शेरा मिळालेल्या घराची नोंद कॉलेजच्या एका खोलीत टांगून ठेवायची, एवढीच शिक्षा. शिवाय धर्मादाय इस्पितळं या कायद्यातून पूर्णपणे वगळलेली होती. यॉर्क त्यांपैकी एक. लंडनचं बेथलेम दुसरं.

बेथलेममध्ये यॉर्कचंच चित्र अधिक भयानक रंगात दिसलं. 1814 च्या वसंतात एडवर्ड वेकफील्ड हा गृहस्थ काही खासदारांना बरोबर घेऊन तिथे गेला. एका कोठडीत त्यांना जेम्स नॉरिस भेटला. हा अमेरिकेचा खलाशी. गळ्यात लोखंडी कडं, ते एका आखूड साखळीने भिंतीलगतच्या सहा फुटी उभ्या दांड्याला जोडलेलं. कमरेभोवती आणि खांद्यांवरून लोखंडी पट्ट्या, हात बाजूला जखडलेले. उठता येईल आणि पाठीवर पडता येईल, याहून अधिक हालचाल त्याला शक्य नव्हती. दहा वर्षांच्या आसपास तो असा होता. पाहुण्यांशी तो व्यवस्थित बोलला; तो वर्तमानपत्रं वाचत असे. वेकफील्डने चित्रकार नेऊन त्याचं चित्र काढून घेतलं आणि त्याच्या छापील प्रती लंडनभर गेल्या. नॉरिसला सोडवलं, पण वर्षभरातच क्षयाने तो गेला.

1815 मध्ये जॉर्ज रोझ यांच्या अध्यक्षतेखाली हाउस ऑफ कॉमन्सची समिती बसली. हिगिन्सची साक्ष झाली, वेकफील्डची झाली, म्हाताऱ्या विल्यम ट्यूकची झाली. बेथलेमचा औषधालयप्रमुख जॉन हॅसलम याने सांगितलं, की तिथला शल्यवैद्य दहा वर्षं बहुतेक वेळ दारूच्या नशेत असे आणि रुग्णांना घालतात तो हात बांधायचा अंगरखा त्यालाच घालावा अशी त्याची अवस्था होती. हे सांगणाऱ्या हॅसलमलाही दुसऱ्या वर्षी नोकरी गमवावी लागली. सगळी साक्ष छापली गेली, देशभर वाचली गेली. आणि कायदा? 1816, 1817 आणि 1819 अशी तीनदा विधेयकं कॉमन्समध्ये मंजूर झाली आणि तिन्ही वेळा लॉर्ड्सच्या सभागृहात अडली. घरातल्या वेडाची वाच्यता होईल, डॉक्टरांच्या कामात लुडबुड होईल, असे आक्षेप होते. यॉर्कच्या कोठड्यांची मोजमापं संसदेच्या कागदपत्रांत असताना हे आक्षेप जिंकले, ही गोष्ट आजही वाचताना संताप आणते.

पुढचा धक्का 1827 मध्ये बसला. बेथनल ग्रीनमध्ये टॉमस वॉरबर्टन याच्या खासगी घरात लंडनचे गरीब मनोरुग्ण दर डोई ठरलेल्या दराने ठेवले जात. खासदार रॉबर्ट गॉर्डन यांच्या समितीपुढे आलेल्या साक्षींनुसार, शनिवारी दुपारी रुग्णांना पेटीसारख्या खाटांमध्ये उघड्या अंगाने साखळ्यांनी बांधत, ते थेट सोमवारी सकाळी सोडत. राखणदारांना रविवार मोकळा हवा होता. सोमवारी त्यांना अंगणात नेऊन थंड पाण्याने धूत, हिवाळ्यातही. समितीत 26 वर्षांचा एक तरुण खासदार होता, लॉर्ड ॲशली, म्हणजे पुढचा लॉर्ड शाफ्ट्सबरी. तो स्वतः बेथनल ग्रीनला जाऊन आला. 1828 मध्ये या विधेयकावर त्याने संसदेतलं पहिलं भाषण केलं ते इतक्या खालच्या आवाजात, की बहुतेकांना ऐकूच गेलं नाही. विधेयक मात्र मंजूर झालं. लंडनसाठी पंधरा आयुक्त नेमले गेले, त्यांना वर्षातून चारदा भेट द्यायची होती आणि शपथेवर तक्रार आली तर रात्रीही दार ठोठावता येणार होतं. परवान्याला हात लावण्याची ताकद पहिल्यांदाच तपासणीला मिळाली.

1842 मध्ये याच आयुक्तांना तीन वर्षांसाठी सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये फिरायला सांगितलं. त्यांनी जे पाहिलं त्याचा अहवाल 1844 मध्ये आला. काही जिल्ह्यांची इस्पितळं चांगली निघाली; लिंकनला गार्डिनर हिल आणि हॅनवेलला जॉन कॉनोली यांनी बांधून ठेवण्याची पद्धत जवळजवळ बंद केली होती. उलट वेल्समधल्या हॅवरफोर्डवेस्टला जुन्या तुरुंगातच रुग्ण कोंडलेले होते. चांगलं आणि वाईट शेजारी शेजारी मांडल्यामुळे ‘हे असंच असतं’ ही सबब संपली. 1845 मध्ये दोन कायदे झाले. प्रत्येक काउंटीला इस्पितळ बांधणं सक्तीचं झालं आणि कायमचा राष्ट्रीय आयोग स्थापन झाला.

या आयोगाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. अकरा आयुक्त, त्यांतले सहा पूर्णवेळ पगारी: तीन डॉक्टर, तीन बॅरिस्टर. वर्षाला 1,500 पौंड पगार, म्हणजे कोणाच्या मेजवानीने मिंधं व्हायची गरज उरू नये इतका. तपासणीला डॉक्टर आणि वकील जोडीने जायचे. शरीराची अवस्था एकाने बघायची, माणसाला कोंडण्याचे कागद दुसऱ्याने. इमारतीचा प्रत्येक भाग बघायचा, प्रत्येक रुग्णाला भेटायचं, कोणाला बांधलं असेल तर का आणि किती वेळ ते विचारायचं आणि निघण्यापूर्वी शेरेबुकात लिहायचं. पुढल्या भेटीत आधी मागचा शेरा वाचायचा. आत एखादा भाग लपवून ठेवणं हा आता कायद्याने गुन्हा होता. हिगिन्सला चुलीपाशी जे ओरडून मिळवावं लागलं, ते तीस वर्षांनी कलम म्हणून छापलं गेलं.

तरीही बेथलेम बाहेरच राहिलं. जुनी, वजनदार संस्था म्हणून 1845 च्या कायद्यातून तिने सूट मिळवली होती. 1851 मध्ये तक्रारी इतक्या वाढल्या, की गृहमंत्र्यांनी आयोगाला खास आदेश देऊन आत पाठवलं. बायकांना गवतावर उघड्या अंगाने झोपवत आणि दगडी फरशीवर गार पाण्याने धूत असल्याचं आयोगाने नोंदवलं. नॉरिसच्या कोठडीला तोवर पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. 1853 मध्ये बेथलेमची सूट रद्द झाली.

आयोगावर सगळ्यात तिखट टीका केली ती आतून बाहेर आलेल्या माणसाने. जॉन पर्सिव्हल हा खून झालेल्या पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा. 1831 मध्ये त्याला ब्रिस्टलजवळच्या ब्रिसलिंग्टन हाउसमध्ये ठेवलं गेलं. हे घर श्रीमंतांचं, नावाजलेलं. तिथेही त्याला बांधलं, गार पाण्यात बुडवलं, आणि सर्वांत जिव्हारी लागलं ते हे, की त्याला काही विचारायची कोणाला गरज वाटली नाही. बरा होऊन त्याने 1838 आणि 1840 मध्ये दोन खंडांत आपली कहाणी छापली. 1845 मध्ये अशाच काही जणांनी मिळून रुग्णांच्या बाजूने लढणारी संस्था काढली. तिचा तो पुढे सचिव झाला. आयुक्त चांगले आहेत पण ते मालकाशी बोलतात, रुग्णाचं ऐकत नाहीत, हा त्याचा मुद्दा 1859 मध्ये संसदीय समितीपुढेही त्याने मांडला. 1862 च्या दुरुस्तीने आयुक्तांच्या नावे लिहिलेलं रुग्णाचं पत्र न उघडता पाठवणं सक्तीचं केलं. शाफ्ट्सबरीला पर्सिव्हल कधी आवडला नाही. पण कायद्यात ही एक वाट उघडली ती पर्सिव्हलसारख्यांनी लावून धरल्यामुळेच, असं मानायला जागा आहे.

शाफ्ट्सबरी 1885 मध्ये मरेपर्यंत आयोगाचा अध्यक्ष होता. काम सोपं नव्हतं. लुईस कॅरोलचे मामा रॉबर्ट स्केफिंग्टन लटविज हे आयोगाचे बॅरिस्टर आयुक्त. 1873 च्या मे महिन्यात सॉल्झबरीच्या फिशर्टन हाउसमध्ये तपासणी करताना एका रुग्णाने त्यांच्यावर खिळ्याने वार केला आणि काही दिवसांत ते गेले. पण आयोगाला खरा मार बसला तो आकड्यांचा. 1890 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये नोंदलेले मनोरुग्ण सुमारे 86 हजार होते आणि पगारी आयुक्त अजून सहाच. एकेका इस्पितळात दोन हजार रुग्ण, आणि भेट दोन-तीन दिवसांची. प्रत्येकाला भेटायचं म्हणजे वॉर्डातून चालत जायचं, एवढंच उरलं. शेऱ्यांमध्ये रंगरंगोटी, पाण्याची टाकी, गोमांसाची प्रत यांच्या नोंदी वाढल्या. 1911 पर्यंत आयुक्तांची संख्या वाढली नाही.

याच चौकटीची पातळ आवृत्ती बोटीतून मुंबईला आली. 1858 चा 36 वा कायदा हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांसाठी होता. मुंबईत तेव्हा कुलाब्याचं इस्पितळ होतं. ठाण्याला नौपाड्यातलं 1901 मध्ये सुरू झालं. 1912 च्या कायद्याने प्रत्येक इस्पितळाला किमान तीन अभ्यागत नेमायला सांगितलं. त्यांतल्या दोघांनी महिन्यातून एकदा सगळी इमारत बघायची, शक्यतो प्रत्येक रुग्णाला बघायचं आणि शेरा लिहायचा. पण जोडीने फिरणारा स्वतंत्र, पगारी आयोग इथे आला नाही. आला तो तुरुंगांचा इन्स्पेक्टर-जनरल, सगळ्या इस्पितळांचा पदसिद्ध अभ्यागत म्हणून. रुग्ण आणि कैदी यांच्यात राज्यकर्त्यांना किती अंतर वाटत होतं, ते त्या नेमणुकीतून दिसतं. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशकं चालला.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी घातली आणि जिल्ह्यांसाठी पुनर्विलोकन मंडळांची तरतूद केली. त्यांत न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर दोन जागा स्वतः मनोरुग्ण असलेल्या किंवा राहिलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. पर्सिव्हलने ज्या गोष्टीसाठी आयुष्य घातलं ती इथे कायद्याच्या मजकुरात आहे. मंडळं कामाला लागायला मात्र न्यायालयात जावं लागलं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बारा वर्षं अडकून पडलेल्या एका महिलेच्या प्रकरणानंतर मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. राज्यातल्या मनोरुग्णालयांमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या प्रत्येक रुग्णाची तपासणी करून त्याला घरी जाता येईल का ते सांगा, असं न्यायालयाने बजावलं. 2022 मध्ये ही तपासणी झाली तेव्हा अशा रुग्णांची संख्या शेकड्यांत निघाली आणि त्यांतले बरेच जण घरी जाण्याजोगे होते.